एकदाच विचारतात

माझी मुलगी कॉलेजात फुटबॉल खेळते, ही बातमी आम्ही मराठी मंडळात बरेच दिवस फोडली नव्हती. लपवली असं नाही. कुणी विचारलं की ‘केमिस्ट्री करतेय’ एवढं सांगायचं आणि चिवड्याची ताटली पुढे करायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिल गावात तेव्हा आमच्यासारखी घरं मोजकीच होती आणि त्या घरांतल्या मुली भरतनाट्यम करत, पियानो शिकत, स्पेलिंगं पाठ करत. आमची मुलगी गुडघे फोडून घेत असे.

तिचं कॉलेज विस्कॉन्सिनमध्ये, आमच्यापासून तीन तासांवर. कॉलेज लहान आणि गाव त्याहून लहान. आसपासच्या अशाच आठ कॉलेजांनी मिळून एक कॉन्फरन्स केली होती. म्हणजे मोसमभर आपापसांत खेळायचं आणि शेवटी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, वरच्या चार संघांनी एका शनिवार-रविवारी अजिंक्यपद ठरवायचं. शनिवारी उपांत्य सामने, रविवारी अंतिम. मुलगी शेवटच्या वर्षाला होती. तिचा संघ चार वर्षांत पहिल्यांदाच वरच्या चारांत आला होता, आणि यानंतर ती असं कधी खेळणार नाही हे तिला माहीत होतं, आम्हालाही.

ती बचावफळीत उजव्या बाजूला खेळायची. त्या जागेवरच्या खेळाडूचं कौतुक फक्त तिचे आईवडील करतात. पण तिची खरी कला वेगळी होती आणि ती फक्त आमच्या गॅरेजच्या दाराला माहीत होती. पेनल्टी. गोलसमोर चेंडू ठेवायचा, समोर एकटी गोलकीपर आणि एकच फटका. नवऱ्याने गॅरेजच्या दारावर खडूने गोल आखून दिला होता. तो इंजिनिअर, त्यामुळे टेप लावून, प्रमाणात लहान करून, रेघा ओळंब्यात. खालचा डावा कोपरा हा भूमितीच्या दृष्टीने सगळ्यात भरवशाचा, असं त्याचं ठाम मत होतं. त्याने स्वतः आयुष्यात एकदाच फुटबॉल खेळला होता आणि त्यात त्याचा चष्मा फुटला होता, पण मताला त्याची अडचण नव्हती. सुट्टीत घरी आली की मुलगी रोज संध्याकाळी तासभर त्या कोपऱ्यात चेंडू मारायची. दाराला तिथे खळगा पडला. मी आत भाजी चिरताना तो आवाज ऐकायचे आणि चेंडू कोपऱ्यात लागला की बाजूला गेला, हे मला न बघता सांगता यायला लागलं होतं. बाजूला क्वचितच जायचा.

आणि एवढं असून चार वर्षांत एकाही सामन्यात तिने पेनल्टी मारली नव्हती. संघाला मिळायच्या, पण मारायचं कुणीतरी दुसरंच. कोचला तिची किंमत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तो मिशीवाला, च्युइंग गम चघळणारा, अगदी सालस माणूस होता, आणि मी मनातल्या मनात त्याच्याशी चार वर्षं भांडत होते.

शनिवारी सकाळी आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा गवतावर पांढरं दव गोठलेलं होतं. आकाश निरभ्र होतं आणि नवऱ्याच्या हातात छत्री होती. बाकीचे आईवडील घडीच्या खुर्च्या, ब्लँकेटं आणि थर्मास घेऊन असे स्थिरावले होते की वाटावं, आता थेट नाताळनंतरच उठणार. माझ्या शेजारी आमच्या गोलकीपरची आई बसली होती. मोठ्या आवाजाची, मोकळ्या मनाची बाई. मांडीवर लाल ब्लँकेट, पायाशी थर्मास. तिने झाकणात कॉफी ओतली, वाफ माझ्या नाकापर्यंत आली आणि तिने मला विचारलं, घेणार का. माझी बोटं बधिर झाली होती. मी म्हटलं, नको, थँक यू. ती ओके म्हणाली आणि स्वतः प्यायली.

हे मला नवीन नव्हतं. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारणीने मला घरी बोलावलं होतं. टेबलावर कॉफी आणि नुकताच ओव्हनमधून काढलेला, सफरचंद भरलेला ॲपल पाय. घेतेस का, म्हणाली. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं. आपल्याकडे पहिलं नको म्हणजे नुसती सुरुवात असते. मग यजमानीण म्हणते, असं कसं, थोडं तरी घ्या. आपण म्हणतो, नको हो, खरंच, आत्ताच जेवून आले. मग ती रागावल्यासारखं करते, आपण हरल्यासारखं करतो आणि अर्धाच द्या म्हणता म्हणता दोन खातो. त्या शेजारणीने मात्र मान डोलावली, तो ॲपल पाय झाकून ठेवला आणि आपला तुकडा माझ्यासमोर गप्पा मारत मारत संपवला. मी घरी येऊन चहात बुडवून शिळी पोळी खाल्ली आणि तिला माणूसघाणी ठरवलं. बिचारीने फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्यानंतर वीस वर्षांत मी बर्फात गाडी चालवायला शिकले, घराचं छत दुरुस्त करणाऱ्याशी वाद घालायला शिकले, पण ते पहिलं नको म्हणायची सवय काही सुटली नाही.

सामना सुरू झाला. मी टाळ्या वाजवत होते. समोरच्या संघाने गोल केला तेव्हाही वाजवल्या, कारण गोल सुरेख होता आणि चांगल्याला चांगलं म्हणावं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. आमच्या बाजूचे सगळे आईवडील एकदम माझ्याकडे वळले. नवऱ्याने छत्री उघडली आणि तिच्यामागे गेला. नंतर आमच्या मुलींनी बरोबरी केली, आणि उत्तरार्धात आम्हाला पेनल्टी मिळाली. कोचने रेषेवरून हाक मारली आणि माझ्या मुलीकडे बोट केलं. ते मी स्पष्ट पाहिलं. मुलीने खांदे उडवले, दोन्ही हात पसरले, दुसऱ्या एका मुलीकडे बघितलं. त्या दुसरीने चेंडू उचलला, पेनल्टी मारली, गोल झाला. आम्ही जिंकलो. सगळे नाचले, मीही नाचले, पण ते पसरलेले हात माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात.

संध्याकाळी, आम्ही उतरलो होतो त्या मोटेलच्या खालच्या हॉलमध्ये आईवडिलांनी संघाला जेवण द्यायचं होतं. प्रत्येक घराने काहीतरी आणायचं, अशी त्यांची पद्धत. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणून मी बेसनाचे लाडू आणले होते, दोन मोठे डबे भरून. मुली ओळीने येत होत्या. हवा असेल ती हो म्हणायची आणि घ्यायची, नको असेल ती नको म्हणून पुढे जायची. एवढ्या सरळ कारभारात मला अजिबात मजा येईना. आमची गोलकीपर समोर आली. सहा फुटांची गोरीपान पोरगी, गालावर अजून चिखल. नको म्हणाली. मी म्हटलं, असं कसं, एक तरी, आणि ताटलीत ठेवला. तिने तो खाल्ला. मी दुसरा ठेवला. ती नो, रिअली, म्हणाली, आणि मला ते ऐकून घरी असल्यासारखं वाटलं. चौथ्या लाडवाला तिची आई मोठ्याने हसत म्हणाली की उद्या माझ्या मुलीला उडी मारायची आहे, थोडी जागा ठेव. मी ओशाळून डबा मागे घेतला.

आणि त्याच वेळी माझं लक्ष दोन टेबलं पलीकडे गेलं. कोच हातात कागद अडकवलेली पाटी आणि पेन्सिल घेऊन फिरत होता. रविवारी बरोबरी झाली आणि जादा वेळातही निकाल लागला नाही, तर दोन्हीकडून पाच-पाच मुलींनी एकेक पेनल्टी मारायची, असा नियम होता. त्या पाच जणींची यादी तो करत होता. माझ्या मुलीपाशी थांबून त्याने विचारलं, तुला मारायची आहे? ती म्हणाली, आय डोन्ट माइंड, बाकीच्यांना विचार ना, ज्यांना हवी त्यांना दे. त्याने मान डोलावली आणि पुढच्या टेबलावर गेला. तिथल्या मुलीने तोंडात घास असताना हात वर केला. त्याने नाव लिहिलं.

मी माझ्या मुलीचा चेहरा बघत होते. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, वाट बघत. तो चेहरा मी ओळखला. ती पाच वर्षांची असताना मंडळातल्या एका काकूंकडे आम्ही गेलो होतो. काकूंनी तिच्यापुढे लाडू धरला आणि ती नको म्हणाली, मी शिकवलं होतं तसं. दुसऱ्यांदा नको म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघत बसली, कारण मी डोळ्यांनी खूण केल्याशिवाय हात पुढे करायचा नाही असा आमचा नियम होता. काकूंनी तिसऱ्यांदा म्हटलं, मी खूण केली आणि तिने लाडू घेतला. काकू मला म्हणाल्या, किती छान वळण लावलंयत. मी त्या वाक्यावर महिनाभर खूश होते.

ते वळण आता इथे, विस्कॉन्सिनच्या मोटेलमध्ये, तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभं होतं. तिसरं सोडा, दुसरंही कुणी विचारणार नव्हतं. जिला नको होता तिला मी चार लाडू खायला घातले होते आणि जिला हवं होतं ती माझ्याच पोटची मुलगी रिकाम्या हाताने उभी होती. मला स्वतःचा इतका राग आला की डब्याचं झाकण उलटं बसवलं.

रिकामे डबे गाडीत ठेवायला म्हणून मी तिला बाहेर घेऊन गेले. मोटेलच्या पार्किंगमध्ये विचारलं, “तुला मारायची होती ना?”

“इट्स फाइन, आई.”

“हो की नाही, तेवढं सांग.”

तिने डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवला. “हो,” म्हणाली. “चार वर्षं. एव्हरी टाइम तो विचारतो, एव्हरी टाइम मी म्हणते कुणालाही दे, आणि तो खरंच कुणालाही देतो.”

मला हसू फुटलं. फुटायला नको होतं, पण फुटलं. ती भडकली. म्हणाली, “हसू नकोस. तूच शिकवलंस.”

खरं होतं ते. मी तिला शेजारणीची आणि ॲपल पायची गोष्ट सांगितली. तिने ती कधी ऐकलेली नव्हती. मी इतकी वर्षं ती गोष्ट शेजारणीचा माणूसघाणेपणा म्हणून मैत्रिणींना सांगत होते, मुलीला मात्र तिचा अर्थ कधी सांगितला नव्हता. मी म्हटलं, “अगं, इथे एकदाच विचारतात. आणि जे सांगशील ते खरं मानतात.” ती म्हणाली, हे मला पहिल्या वर्षी सांगायला काय झालं होतं? घराबाहेर तिने अमेरिकन असावं आणि घरात यावं तेव्हा वळण असलेली मराठी मुलगी असावी, एवढाच आमचा बेत होता. मधल्या मैदानाचा विचारच कुणी केला नव्हता.

मी म्हटलं, मी बोलते कोचशी. ती नो म्हणाली. तिचं हे नो पहिल्याच वेळी खरं होतं, म्हणून मी ते मानलं.

वर खोलीत नवरा पायमोजे हीटरवर वाळत घालत होता. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की पूर्वी ऑफिसात साहेबाने त्याला नवीन प्लँटचं काम घेणार का विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. साहेबाला दुसरा माणूस योग्य वाटला. हे तो मला पहिल्यांदाच सांगत होता. म्हणजे आमच्या घरात तिघंही जण आपापल्या तिसऱ्या विचारण्याची वाट बघत बसलो होतो.

रविवारी अंतिम सामना. थंडी आणखी वाढली होती आणि ढग खाली आले होते, त्यामुळे छत्रीला अखेर थोडा मान मिळाला. सामना सुरू होण्याआधी गोलकीपरच्या आईने थर्मास उघडला आणि मला विचारलं, कॉफी? आणि मी, जिने आदल्या संध्याकाळी एवढं भाषण ठोकलं होतं, ती मी म्हटलं, नको, थँक यू. झाकण घट्ट बंद झालं. स्वतःला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

सामन्याबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते. एक गोल त्यांचा, एक आमचा. जादा वेळ सुरू झाला. त्या गडबडीत आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला. ही तीच, जिने शनिवारी पेनल्टी मारली होती. दोघींनी तिचे हात आपल्या खांद्यांवर घेऊन तिला बाहेर नेलं. जादा वेळ संपला, निकाल नाही. आता पाच-पाच पेनल्टी, आणि यादीतली एक मुलगी घोट्यावर बर्फ धरून बसलेली.

मैदानाच्या पलीकडच्या बाजूला आमच्या मुली गवतावर कोंडाळं करून बसल्या होत्या. मध्ये कोच, हातात पाटी. मी खुर्चीवरून उठून अगदी रेषेपर्यंत गेले. मला वाटत होतं, आत्ता तो विचारेल आणि ती माझ्याकडे बघेल. मी खूण करायला तयार होते. एवढ्या लांबून दिसावी म्हणून दोन्ही हातांनी करणार होते. कोचने मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक हात वर गेला. लांब वेणी, जर्सीच्या पाठीवर दोन आकडा, माझीच मुलगी. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. कोचने लिहिलं.

मला रडू आलं. नवरा म्हणाला, अगं, अजून मारायची आहे. त्याला काय सांगणार?

चार-चार पेनल्टी झाल्या तेव्हा दोन्हीकडे तीन-तीन गोल होते. त्यांची पाचवी आत गेली. आता आमची पाचवी, म्हणजे तिची. चुकली तर संपलं. तिने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेली. मी यावेळी डोळे मिटले नाहीत. गॅरेजसमोर ऐकायचे तसाच, स्वच्छ फटका. खालचा डावा कोपरा. आणि त्यांची गोलकीपर तिथेच झेपावली. चेंडू तिच्या हातांना लागून खांबाबाहेर गेला.

समोरच्या संघातल्या मुली आनंदाने एकमेकींच्या अंगावर पडल्या. आमची मुलगी तिथेच उभी राहिली. माझ्या मनात पहिला विचार आला की हे मी केलं. नको म्हणत राहिली असती तर ही चूक दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर गेली असती, आणि आज ती सगळ्यांबरोबर नुसती हरली असती. कोच तिच्याजवळ गेला, खांद्यावर हात ठेवला. संघातल्या मुली एकेक करून तिला मिठ्या मारत होत्या. मग ती मैदान ओलांडून आमच्याकडे आली. चेहरा लाल, नाक वाहत होतं. मी चार समजुतीची वाक्यं तयार ठेवली होती.

“चुकली,” ती म्हणाली.

“हो.”

“पण माझी होती.”

मी तिला जवळ घेतलं. तिच्या अंगाला चिखलाचा आणि घामाचा वास येत होता, आणि ती माझ्यापेक्षा अर्धी वीत उंच आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. नवरा बाजूला छत्री मिटत उघडत उभा होता. शेवटी त्याला राहवेना. म्हणाला, “कोपरा बरोबर होता.” ती रडता रडता हसायला लागली. म्हणाली, “बाबा, गॅरेज डोअर डाइव्ह करत नाही.” त्यावर तो खरोखर विचारात पडला.

बारीक बर्फ पडायला लागलं होतं. गोलकीपरची आई स्वतःच्या मुलीचे डोळे पुसून आमच्याजवळ आली. तिने माझ्या मुलीच्या पाठीवर थाप मारली, खाली वाकून थर्मास उचलला, झाकणात उरलेली कॉफी ओतली आणि दोन दिवसांत तिसऱ्यांदा मला विचारलं, कॉफी?

माझे ओठ सवयीने नको म्हणायला वळले. तेवढ्यात मुलीकडे लक्ष गेलं. ओल्या पापण्यांनी तिने मला डोळ्यांनी खूण केली, अगदी मी तिला करायचे तशी.

मी हो म्हटलं. बाईने झाकण माझ्या हातात दिलं आणि साखर हवी का विचारलं.

मी म्हटलं, दोन पुड्या.